जज्जाचा रंग

(वस्तीतल्या वाचनालयात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत मी म्हणालो, पुढच्या वेळी एका जज्जावर बोलतो. तर मागनं कोणीतरी ओरडलं, “जज्जावर? मग त्याच्या पुढच्या वेळी फौजदारावर बोल!” सगळे हसलात. मीपण हसलो. कारण आपली नि जज्जाची ओळख ती कुठली? तो वर, आपण खाली, मधे काळे कोट. त्याची भाषा आपल्याला कळत नाही, आणि आपली त्याला कळून घ्यायची नसते. खैरलांजीत २००६ साली एका घरातली चार माणसं हालहाल करून मारली. २००८ला खालच्या कोर्टानं फाशी दिली, २०१०ला हायकोर्टानं फाशी काढून कैद दिली. पण त्या खुनांत जात होती, हे ना खाली दिसलं ना वर दिसलं. शेंबड्या पोराला दिसत होतं ते.

तेव्हा जज्जाची आरती ओवाळायला मी उभा नाही, हे आधीच सांगतो.

हा जज्ज अमेरिकेतला. फेडरल कोर्टाचा, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या कोर्टाचा. आणि काळा. नाव अ‍ॅलॉयशियस लिऑन हिगिनबॉथम. जीभ अडखळते, मला माहीत आहे, माझीही अडखळायची. आपण लिऑन म्हणू. आणि मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. आपल्या घरातल्या माणसाला आपण अहो-जाहो करत नाही.

तिकडच्या काळ्यांशी आपलं नातं काही आज जुळलेलं नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहिलं. काळे लोक आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे नेताहेत, त्या अर्जाची प्रत पाठवा म्हणून. १९७२ला इथं पॅंथर उभी राहिली ती नाव तिकडचंच घेऊन. पण आपण तिकडच्या रस्त्यावरच्या माणसांची नावं पाठ केली, कोर्टातल्या माणसांकडे बघितलं नाही. मीही बघितलं नव्हतं. एका वकील मित्रानं मला एका निकालपत्राबद्दल सांगितलं. त्या खटल्यात या जज्जाला भर कोर्टात लेखी सांगितलं गेलं होतं की तू काळा, खटला काळ्यांचा, तेव्हा तू खुर्चीवरून उतर. त्यावर त्यानं जे उत्तर लिहिलं ते मित्रानं दोन रात्री बसून मला समजावून दिलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण काही गोष्टी इंग्रजी न येताही समजतात.

तर आधी माणूस कुठला ते सांगतो.

२५ फेब्रुवारी १९२८ला न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेन्टन गावात जन्म. बाप कारखान्यात मजूर. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. पोरगा हुशार. पण काळ्या पोरांच्या प्राथमिक शाळेत लॅटिन शिकवायचे नाहीत, आणि कॉलेजकडे नेणाऱ्या हायस्कूलच्या वर्गात लॅटिनशिवाय घ्यायचे नाहीत. बघा कशी मेख आहे. दारावर ‘काळ्यांना मनाई’ असं लिहिलेलं नाही. नुसतं लॅटिन लिहिलंय. आपल्याकडे संस्कृत होतंच की! बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. सगळ्या जगातल्या भटांना एक मेलेली भाषा लागते दाराला कडी घालायला.

लिऑनची आई मुख्याध्यापकाकडे गेली. दुसऱ्याची फरशी पुसणारी बाई, ती जाऊन भांडली, आणि पोराला त्या वर्गात बसवून आली. मी म्हणतो, या माणसाच्या आयुष्यातला पहिला वकील म्हणजे ती बाई.

१९४४. पोरगा १६ वर्षांचा. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनियर व्हायला गेला. तिथं गोरी पोरं हजारोंनी, काळी पोरं १२. गोऱ्यांना विद्यापीठाची वसतिगृहं, वाफेनं गरम केलेली. या १२ जणांना तिथं जागा नाही. बाहेर एका घरात राहायचं, आणि झोपायचं माळ्यावर, पलंगाला पलंग लावून. माळ्याला ऊब नाही. तिथली थंडी म्हणजे आपली दिवाळीची थंडी नाही. एका रात्री पारा शून्याजवळ गेला, आणि ते शून्य फॅरनहाइटचं, बर्फ जमतो त्याच्याही पुष्कळ खाली.

त्या रात्री पोरगा झोपला नाही. तेव्हा दुसरं महायुद्ध चाललेलं. लोकशाहीसाठी लढतोय असं अमेरिकन सरकार जगाला सांगत होतं. त्याच्या वयाची काळी पोरं फौजेत भरती होऊन मरायला चालली होती. याला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकशाहीत १२ पोरांना झोपायला एक गरम कोपरा मिळायला काय हरकत आहे? साहेबाला बहुतेक माहीतच नसेल. कोणीतरी जाऊन सांगितलं पाहिजे.

हे वय असंच असतं. आपल्यालाही वाटायचं, कलेक्टरला माहीत नसेल म्हणून पाणी येत नाही.

सकाळी उठून तो सरळ विद्यापीठाच्या अध्यक्षाकडे गेला. एडवर्ड इलियट त्याचं नाव. पोरानं नीट, नम्रपणे सगळं सांगितलं. अध्यक्षानं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं: काळ्या पोरांना वसतिगृहात घ्यावं असं कायदा आमच्यावर बंधन घालत नाही. आहे ते पत्करा, नाहीतर विद्यापीठ सोडून चालते व्हा.

दोस्तांनो, हे उत्तर नीट बघा. तो शिवी देत नाही. ‘काळ्या’ म्हणून अंगावर येत नाही. तो म्हणतो, कायदा सांगत नाही. म्हणजे पोरं गारठली तरी त्याचे हात स्वच्छ. आणि विशेष म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. कायदा खरंच सांगत नव्हता.

लिऑननं पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की त्या दिवशी त्या घराकडे परत चालत येताना त्याच्या डोक्यात इंजिनियरिंग संपलं. १२ पोरांना उबेत झोपू देत नाही तो कायदा आहे तरी कसला, हे बघायला तो वकिलीकडे वळला. मला हे फार पटतं. माणूस कायद्याकडे दोन कारणांनी जातो. एक, बापाचं ऑफिस चालवायला. दुसरं, कायद्यानं आपल्याला कुठं कापलं ती जागा शोधायला.

पर्ड्यू सोडलं. ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजातनं १९४९ला पदवी, मग येलला कायदा. येलला असताना १९५० साली तो वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात एक खटला ऐकायला गेला. तो खटला सांगण्यासारखा आहे. टेक्ससमधला हेमन स्वेट नावाचा एक काळा पोस्टमन. त्याला वकील व्हायचं होतं. टेक्सस विद्यापीठ काळ्यांना घेत नव्हतं. हा कोर्टात गेल्यावर सरकारनं काय केलं, तर काळ्यांसाठी घाईघाईनं वेगळी लॉ स्कूल काढली. एका पोस्टमनला गोऱ्यांच्या बाकावर बसू द्यायचं नाही म्हणून अख्खी शाळा! पोस्टमनच्या बाजूनं उभा होता थरगुड मार्शल, तोही काळा. आणि लिऑन मागं बसून ऐकत होता. जून १९५०ला निकाल लागला, स्वेटला विद्यापीठात घ्यावं लागलं. सहाच वर्षांपूर्वी याला सांगितलं होतं, कायदा सांगत नाही. इथं त्यानं डोळ्यांनी बघितलं की एक काळा माणूस उभा राहून कायद्याला बोलायला लावतो.

येलमधून १९५२ला बाहेर पडला. येल म्हणजे तिथलं सोनं. गोऱ्या पोराला येलचा शिक्का असला की फिलाडेल्फियातल्या मोठ्या फर्मचं दार आपोआप उघडायचं. याच्यासाठी उघडलं नाही. म्हणजे शिक्का खरा, माणूस चुकीचा. मग एका न्यायाधीशाच्या हाताखाली, मग सरकारी वकिलीत, मग काळ्या वकिलांच्या फर्ममध्ये भागीदार, अशी वर्षं गेली. १९६२ला अध्यक्ष केनेडीनं त्याला फेडरल ट्रेड कमिशनवर नेमलं. व्यापाऱ्यांच्या लबाड्यांवर नजर ठेवणारं ते मंडळ. अशा केंद्रीय मंडळावर बसलेला तो पहिला काळा. १९६४ला अध्यक्ष जॉन्सनच्या काळात तो पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व जिल्ह्यात फेडरल जज्ज झाला. वय ३६च्या आसपास.

फेडरल जज्ज म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. देशाचा अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मान्यता देते, आणि एकदा बसला की मरेपर्यंत किंवा स्वतः सोडेपर्यंत तो जज्ज. त्याला निवडणूक नाही, साठीला रिटायर नाही, पगार कमी करता येत नाही. म्हणजे त्याला भ्यायचं कारण ठेवलेलं नाही. तरी बहुतेक भितातच, ती गोष्ट वेगळी.

आता त्या खटल्याकडे येतो.

फिलाडेल्फियाच्या भागात एक युनियन होती, लोकल ५४२. ऑपरेटिंग इंजिनियर्सची. नाव मोठं, पण म्हणजे क्रेन चालवणारे, बुलडोझर चालवणारे, खोदाईची अवजड यंत्रं चालवणारे. बांधकामातले सगळ्यात चांगल्या मजुरीचे कामगार. त्यांची रीत अशी, की ठेकेदाराला माणूस हवा असेल तर तो थेट घ्यायचा नाही, युनियनच्या हॉलमधून मागवायचा. हॉलमध्ये यादी. यादीत नंबर लागेल तसा माणूस कामावर जाणार. कागदावर हे फार चांगलं आहे. मुकादमाची मेहेरबानी नको, मालकाचा लाडका नको, नंबर आला की काम. आपल्याकडे गोदीत टोळीची पाळी लावायची पद्धत म्हाताऱ्या कामगारांनी भांडून मिळवली, ती याचसाठी. मी युनियनच्या विरुद्ध बोलत नाहीये, हे लक्षात ठेवा.

पण यादी चालवणारा हात कुणाचा? १९७१ला पेनसिल्व्हेनिया राज्य सरकार आणि काही काळे कामगार कोर्टात गेले की या हॉलमधून काळ्यांना काम मिळत नाही, शिकाऊ म्हणूनसुद्धा घेत नाहीत. खटला आला लिऑनपुढे. १९७२लाच त्याला मनाई हुकूम काढावा लागला, फिर्यादी कामगारांना धाकदपटशा नि मारहाण करू नका म्हणून. कामगारानं कामगाराला मारलं, कारण तो काळा आणि त्यानं तोंड उघडलं.

इथं मी माझी एक गोष्ट सांगतो, छोटी. गोदीत मी कंत्राटावर. दुसऱ्या वर्षी कळलं, क्रेनवर हाताखाली शिकायला दोनतीन पोरं घेणार. क्रेनची केबिन वर, काचेची. खाली आम्ही गोणींच्या धुळीत, खोकत. कोणाला वाटणार नाही वर जावं? गेलो मुकादमाकडे. त्यानं माझं शिक्षण विचारलं नाही, डोळे तपासले नाहीत. म्हणाला, “आडनाव काय?” मी सांगितलं. म्हणाला, “गाव?” सांगितलं. म्हणाला, “बरं, बघू.” ते ‘बघू’ अजून चालूच आहे. त्या वर्षी जी पोरं वर गेली ती कोणाकोणाचे भाचे-पुतणे होती. यादी होती म्हणे. मी ती यादी कधी बघितली नाही.

म्हणून मित्र जेव्हा तो खटला सांगायला लागला, तेव्हा मी म्हणालो, थांब, पुढचं मीच सांगतो.

पण पुढं जे झालं ते मला सांगता आलं नसतं. ऑक्टोबर १९७४ला लिऑन काळ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या बैठकीत बोलायला गेला. जेवणाच्या वेळचं भाषण. तिथं तो म्हणाला की सुप्रीम कोर्ट आता पूर्वीचं राहिलेलं नाही, फक्त फेडरल कोर्टांच्या भरवशावर बसू नका, दुसऱ्या वाटांनीही लढा. वर्तमानपत्रात बातमी आली. लगेच प्रतिवादींचा अर्ज: हा जज्ज काळ्यांच्या सभेत गेला, काळ्यांच्या हिताचं बोलला, त्यांच्यातला एक म्हणून बोलला. त्याच्याकडून आम्हाला न्याय मिळणार नाही. त्यानं हा खटला सोडावा.

तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? मी सांगतो मी काय केलं असतं. घाबरलो असतो. म्हणालो असतो, नाही हो, मी तसा नाही, मी सगळ्यांचा. आपल्यातले कितीतरी शिकलेले हेच करतात. ऑफिसात फोटो लावत नाहीत, आडनाव बदलतात, १४ एप्रिलला आजारी पडतात. कशासाठी? तर कोणी पक्षपाती म्हणू नये म्हणून. ‘मी तटस्थ आहे’ हे सिद्ध करण्यात आपली अर्धी हयात जाते. वरच्या जातीच्या माणसाला ते कधी सिद्ध करावं लागत नाही. त्याला जातच नसते ना! जात फक्त आपल्याला असते. जसा रंग फक्त काळ्याला असतो.

लिऑननं अर्ज फेटाळला, आणि एका ओळीत नाही फेटाळला, लांबलचक निकालपत्र लिहिलं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. या खटल्यात एका बाजूला काळे आहेत, दुसऱ्या बाजूला गोरे आहेत. काळा जज्ज काळा आहे म्हणून नको, तर मग गोरा जज्ज गोरा आहे म्हणून का चालतो? गोरे जज्ज आपापल्या समाजाच्या, आपापल्या धर्माच्या कार्यक्रमांना जातात, भाषणं करतात, त्यांना कोणी म्हणत नाही की उतरा. काळ्यानं मात्र जज्ज झाल्यावर आपल्या लोकांत जायचं नाही, आपला इतिहास बोलायचा नाही, हा कुठला नियम? आणि मग त्यानं जे म्हटलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. गुलामांचे मालक म्हणायचे की गुलामांची स्थिती कशी आहे ते निःपक्षपातीपणे फक्त आम्हीच सांगू शकतो. काळ्या जज्जाला बाजूला करा म्हणणं हे त्यातलंच आहे.

खलास.

पुढच्याच वर्षी, १९७५ला, न्यूयॉर्कमध्ये कॉन्स्टन्स बेकर मोटली या काळ्या बाईजज्जावर असाच प्रसंग आला. बायकांना नोकरीत डावललं म्हणून एका मोठ्या वकिली फर्मवर खटला होता, फर्म म्हणाली, या बाई, या काळ्या, यांनी सोडावा. बाईनं उत्तर दिलं की रंग आणि लिंग हे कारण धरलं तर या कोर्टातल्या एकाही जज्जाला हा खटला चालवता येणार नाही. या दोन्ही गोष्टी सगळ्यांनाच आहेत. बघा, उत्तर किती सोपं आहे. पण ते द्यायला आधी तिथं बसलेलं असावं लागतं.

मग लोकल ५४२चं काय झालं? १९७८ला लिऑननं निकाल दिला. हॉलची पद्धत वरवर बघता कोणालाही डावलत नाही, पण ती चालवताना युनियननं जाणूनबुजून काळ्यांना डावललं, असं पुराव्यानिशी ठरवलं. शिकाऊ पोरांच्या भरतीतसुद्धा. आणि नुसती युनियन नाही, त्यानं ठेकेदारांनाही जबाबदार धरलं. ठेकेदार म्हणत होते, आम्हाला काय माहीत? आम्ही माणूस मागवला, युनियननं पाठवला. तो म्हणाला, तुम्हीच ही पद्धत करार करून पत्करलीत, तुम्हाला हात झटकता येणार नाहीत.

आता तुम्ही टाळ्या वाजवाल. थांबा. १९८२ला सुप्रीम कोर्टानं ठेकेदारांना सोडवलं. रेनक्विस्ट या न्यायमूर्तीनं लिहिलं की जोवर ठेकेदाराच्या स्वतःच्या मनात डावलण्याचा हेतू होता हे सिद्ध होत नाही, तोवर तो जबाबदार नाही. विरोधी मत दिलं ते थरगुड मार्शलनं. हो, तोच पोस्टमनचा वकील, तेव्हा तो सुप्रीम कोर्टात पोचला होता. ब्रेननही त्याच्या बाजूला. बाकीचे तिकडे. म्हणजे मालकाच्या मनात काय होतं ते मजुरानं शोधून काढायचं! माझ्या मुकादमाच्या मनात काय होतं ते मी कुठल्या क्ष-किरणानं दाखवू? त्यानं तर फक्त आडनाव विचारलं.

त्यामुळे एक चांगला जज्ज आला की सगळं झालं, असं मी म्हणत नाही. त्याच्या वर आणखी जज्ज असतात.

पण हा माणूस नुसता निकाल देत बसला नाही. जज्ज असतानाच तो इतिहासाच्या मागे लागला. १९७८लाच त्याचं जाडजूड पुस्तक आलं, इंग्रजांच्या वसाहतींच्या काळात अमेरिकेतल्या कायद्यानं गुलामगिरी कशी उभी केली त्याचं. पर्ड्यूच्या साहेबाला जणू ३४ वर्षांनी दिलेलं उत्तर. साहेब म्हणाला होता, कायदा सांगत नाही. हा म्हणाला, आता बघू कायदा काय काय सांगत आलाय.

त्यातलं एक प्रकरण ऐका. १६४०, व्हर्जिनिया. तीन नोकर मालकाकडून पळाले. एक डच, एक स्कॉच, एक काळा, त्याचं नाव जॉन पंच. तिघं एकत्र पळाले, एकत्र सापडले. तिघांनाही ३०-३० फटके. मग दोन गोऱ्यांना जादा चार वर्षं चाकरी. जॉन पंचला जन्मभर. गुन्हा तोच, रस्ता तोच, पाय तेवढेच दमलेले. १६६९चा आणखी एक कायदा: मालकानं शिक्षा करताना गुलाम मेला तर तो खून धरायचा नाही, कारण कुठलाही माणूस स्वतःची मालमत्ता मुद्दाम नष्ट करेल असं मानता येत नाही. किती शांत डोक्यानं लिहिलंय बघा.

आपल्याला हे वाचताना धक्का बसत नाही. एकाच गुन्ह्याला वर्णाप्रमाणे वेगळी शिक्षा, हे आपल्याकडे श्लोकात बसवलेलं होतं. बाबासाहेबांच्या पुढाकारानं २५ डिसेंबर १९२७ला महाडमध्ये ते पुस्तक जाळलं गेलं. लिऑननं जाळलं नाही, त्यानं कायद्याची पानं एकेक उलगडून टेबलावर ठेवली. मला दोन्ही लागतात. आगही लागते आणि कारकुनीही. आपण कविता भरपूर जाळल्या... म्हणजे लिहिल्या, कारकुनी कमी केली. हे मी माझ्यावरच बोलतोय.

१९७७ला तो वरच्या अपील कोर्टात गेला, १९९०ला तिथला मुख्य न्यायाधीश झाला, १९९३ला बाहेर पडून हार्वर्डला शिकवायला लागला. १९९४ला दक्षिण आफ्रिकेतली पहिली खरी निवडणूक झाली, तिथं मध्यस्थ म्हणून गेला. १९९५ला सरकारनं सर्वोच्च नागरी पदक दिलं. हे सगळं पटकन सांगतो, कारण पदकांची यादी कोणाचीही करता येते.

मला थांबायचंय ते १९९१वर. त्या वर्षी थरगुड मार्शल सुप्रीम कोर्टातून निवृत्त झाला. त्याच्या जागी अध्यक्ष बुशनं दुसरा काळा माणूस नेमला, क्लॅरन्स थॉमस. सिनेटनं ५२ विरुद्ध ४८ मतांनी मान्य केला. गरिबीतनं वर आलेला. पण काळ्यांना ज्या कायद्यांनी दार उघडलं त्याच कायद्यांच्या विरोधात बोलत आलेला. लिऑननं त्याला जाहीर पत्र लिहिलं. कायद्याच्या एका मासिकात जानेवारी १९९२ला छापून आलं. एक बसलेला फेडरल जज्ज सुप्रीम कोर्टाच्या नव्या न्यायमूर्तीला उघड पत्र लिहितो, हे तिकडच्या रीतीत बसत नव्हतं. पुष्कळांना राग आला. पत्रातलं म्हणणं असं की तू ज्या खुर्चीवर बसलास तिथवर कोणाच्या खांद्यांवरून आलास ते आठव. ज्या लढ्यांना तू नावं ठेवतोस ते झाले नसते तर तू कुठं असतास? तू व्हर्जिनियात गोऱ्या बायकोबरोबर राहतोस. १९६७च्या निकालाआधी तिथं हे लग्न गुन्हा होता. तो निकाल कोणी भांडून मिळवला?

हे पत्र म्हणजे शिवीगाळ नाही, आणि आरतीही नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ‘आपला माणूस’ वर गेला की आपण एक तर हार घालतो, नाहीतर दलाल म्हणतो. मधली जागाच नाही. २०२५ला भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, अमरावतीचे, पहिले बौद्ध. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला. आपण चिडलो, चिडायलाच पाहिजे होतं. पण पेढे आणि चीड यांच्यामधले दिवस? त्यांनी २०२४ला आरक्षणातल्या क्रीमी लेयरबद्दल जे लिहिलं ते किती जणांनी वाचलं? बाजूनं असो की विरुद्ध, वाचून, मुद्देसूद, नाव घालून पत्र किती जणांनी लिहिलं? मी नाही लिहिलं. लिऑननं थॉमसला लिहिलं, कारण त्यानं थॉमसला परका मानलं नाही.

एक कबूल करतो. या माणसात माझं सगळं पटत नाही. कायद्यावर त्याचा भरवसा मला कधीकधी फार वाटतो. १९६९ला शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या पॅंथरला पहाटे त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या, तेव्हा हा फेडरल जज्जच होता, दुसऱ्या गावात. १९६८ला सरकारनं हिंसाचाराची कारणं शोधायला आयोग नेमला, त्याचा हा उपाध्यक्ष. आयोग कारणं शोधतो आणि पोरं मरत राहतात, हे आपण इथंही बघितलंय. पण मग मला तो जेवणाच्या वेळचा भाषणवाला लिऑन आठवतो. कोर्टात बसलेला माणूस स्वतःच सांगतोय, कोर्टावर विसंबू नका. असं सांगणारा जज्ज मला दुसरा माहीत नाही.

शेवटची गोष्ट. १ डिसेंबर १९९८. तब्येत पार खचलेली. अध्यक्ष क्लिंटनवर महाभियोग चालवायचा की नाही यावर संसदेची समिती साक्षी घेत होती, तिथं हा बोलायला आला. त्याचं मत, चालवू नये. दक्षिणेकडचा एक गोरा प्रतिनिधी बोलता बोलता ‘खरी अमेरिका’ म्हणाला. म्हणजे खरी अमेरिका तिकडे बाहेर आहे, तुम्ही मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक वेगळे. ७० वर्षांचा लिऑन ते ऐकून गप्प बसला नाही. माजी मुख्य न्यायाधीश होता, हार्वर्डचा प्रोफेसर होता, पदकवाला होता. यातलं काही त्यानं पुढं केलं नाही. त्यानं सांगितलं की माझा बाप मजूर होता, आई लोकांच्या घरी कामाला होती.

त्यानंतर १३ दिवसांनी, १४ डिसेंबरला, तो वारला.

माझं झालं. उद्या पहिल्या पाळीला जायचंय. त्या निकालपत्राची झेरॉक्स मी वाचनालयात ठेवून जातोय, मार्जिनमध्ये पेन्सिलीनं मराठी लिहिलंय. चुकलं असेल तिथं दुरुस्त करा.

जयभीम.